सावलीतलं वाळवण

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात जुलै महिन्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. जाहीर केलेला विषय : ‘रक्ताचे डाग काय सांगतात?’)

नमस्कार. सकाळपासून पाऊस कोसळतोय, तरी एवढ्या संख्येने आलात. दाराशी छत्र्यांचा ढीग आहे, खाली पाणी साचलंय. त्या छत्र्यांवरूनच सुरुवात करते. ओली छत्री प्लास्टिकच्या पिशवीत कोंबा, गाठ मारा, कपाटात ठेवा आणि आठ दिवसांनी पिशवी उघडा. काय होईल? बरोबर, वास. दुसऱ्या रांगेतल्या काकूंनी नाकाला पदर लावूनच उत्तर दिलं. तो वास लक्षात ठेवा, आज त्याच्याबद्दलच बरंच बोलायचं आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय रक्ताच्या डागांचा. थेंबाच्या आकारावरून वार कुठून झाला, मारणारा कुठे उभा होता, हे ऐकायला तुम्ही आलात, आणि तिथवर मी येणारच आहे. पण आकार वाचायचा तर आधी डाग टिकायला हवा. आणि आपल्या कोकणपट्टीत तो टिकत नाही. जुलैत ठाण्याच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. बाल्कनीत वाळत घातलेली जीन्स कमरेच्या पट्टीला तिसऱ्या दिवशीही ओलसर लागते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याच हवेत एखाद्या खुनातला रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सील केला जातो. माझं आजचं सगळं म्हणणं या एका पिशवीबद्दल आहे.

आधी रक्त म्हणजे काय, ते थोडक्यात. अंगातलं रक्त वजनाच्या सात-आठ टक्के. साठ किलोच्या माणसात साधारण सव्वाचार ते साडेचार लिटर. त्यातला ५५ टक्के भाग प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर पाणी आणि त्यात प्रथिनं, क्षार. बाकीच्या पेशी. एक घनमिलिमीटर रक्त घ्या, टाचणीच्या डोक्याएवढं. त्यात लाल पेशी ४५ ते ५५ लाख आणि पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार. आता लाल पेशीत केंद्रक नसतं. रक्ताला रंग देणारी ही पेशी, संख्येने एवढी प्रचंड, पण डीएनएच्या दृष्टीने रिकामी. डीएनए मिळतो तो त्या मूठभर पांढऱ्या पेशींतून. (कोंबडीच्या आणि माशाच्या लाल पेशीत मात्र केंद्रक असतं. ताज्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बोकड आणि कोंबडी लगेच वेगळे कळतात. पण डाग वाळून पेशी फुटल्या की ही सोय गेली.)

एका पांढऱ्या पेशीत डीएनए असतो साधारण ६.६ पिकोग्रॅम. पाच हजार पेशी धरल्या तर टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात ३३ नॅनोग्रॅम (हजार पिकोग्रॅमचा एक नॅनोग्रॅम). आजच्या चाचणीला १ नॅनोग्रॅम पुरतो, त्याहून कमीवरही काम निघतं. डीएनए वेगळा काढताना थोडा वाया जातो, तो धरूनही एका बारीक थेंबात कितीतरी चाचण्यांचा ऐवज असतो. म्हणजे निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही. ऐवज पुरेसा असतो, तो आपण कुजवतो.

कुजवतो कसा, ते नीट बघू. रक्त म्हणजे प्रथिनं, साखर, लोह आणि ऊब. जिवाणूंना यापेक्षा चांगलं ताट कुठे मिळणार? एकच गोष्ट त्यांना रोखते : पाण्याचा अभाव. डाग वाळला की त्यांची वाढ थांबते, डीएनए तोडणारी विकरं निष्क्रिय होतात, नुसत्या पाण्यामुळे होणारी रासायनिक तूटही मंदावते. वाळलेला डाग कागदात, थंड कोरड्या जागी ठेवला तर वर्षानुवर्षं उपयोगी राहतो. ओला डाग प्लास्टिकमध्ये बांधला की पाणी बाहेर पडू शकत नाही. ते पिशवीच्या आतल्या बाजूला थेंबांनी जमतं आणि परत कपड्यावर गळतं. दुसऱ्या दिवशी वास, चार-पाच दिवसांत बुरशी. डीएनएच्या लांब साखळ्या तुकड्या-तुकड्यांनी तुटतात. चाचणी साखळीवरच्या ठरावीक जागा वाचते, त्यांना खुणा म्हणू; आधी लांब खुणा गळतात, आखूड खुणा काही काळ तग धरतात, आणि हातात अर्धवट नकाशा येतो. मानवी रक्त ओळखायचं ते ज्या प्रथिनांवरून, ती प्रथिनंही मोडतात. मग सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, ते वाक्य येतं : डाग विघटित झाल्यामुळे रक्ताचं मूळ ठरवता येत नाही. कोर्टात या वाक्यावर बचाव पक्ष उभा राहतो आणि त्याचं काही चुकत नाही. प्रयोगशाळेचंही चुकत नाही. चूक झाली ती पिशवीला गाठ मारली त्या संध्याकाळी.

तुमच्यातल्या किती जणींनी उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे घातलेत? हात वर करा. पुरुषांनीही करा, पापड लाटायला नाही तरी राखायला गच्चीवर बसलाच असाल. पापड वरून कडक लागतो, पण मध्ये ओल राहिली आणि डब्यात भरला तर काय होतं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पुरावा जपण्याचं निम्मं शास्त्र हेच आहे. फरक एवढाच की हे वाळवण उन्हात घालायचं नाही, सावलीत घालायचं. उन्हातले अतिनील किरण डीएनए तोडतात. इस्त्री, हेअर ड्रायर, हीटर यांपैकी काहीही नको, कारण उष्णतेने प्रथिनं गोठतात आणि डाग पाण्यात विरघळेनासा होतो.

करायचं काय ते क्रमाने सांगते. खोली बंद, स्वच्छ, फार लोकांची ये-जा नसलेली. जमिनीवर कोरा कागद अंथरायचा, वर्तमानपत्र नाही. हातमोजे घालून कपडा हँगरवर लावायचा. एका कागदावर एकच कपडा, आणि दोन कपड्यांच्या मध्ये हातमोजे बदलायचे. मृताचे कपडे आणि संशयिताचे कपडे एका खोलीत कधीही वाळवायचे नाहीत. एकाच्या वाळलेल्या डागाचा भुगा दुसऱ्यावर बसला तर पुढचा सगळा खटला त्या भुग्यावर अडकतो. पंखा लावायचा, पण भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा फिरेल आणि भुगा उडणार नाही. सुती शर्टाला एक दिवस-रात्र पुरते. जीन्सला या दिवसांत दोन-तीन दिवस लागतात. वाळलं की नाही ते मधोमध हात लावून ठरवायचं नाही. शिवणी, कॉलर, खिशाचं अस्तर, कमरेची पट्टी या जागा शेवटी वाळतात, तिथे बघायचं. मग घडी घालताना डागावर डाग येणार नाही अशी घालायची, प्रत्येक घडीत कोरा कागद. खाली अंथरलेला कागदसुद्धा टाकायचा नाही. त्यावर पडलेला केस, धागा, भुगा हाही मुद्देमाल आहे. तो कागद आतल्या बाजूला दुमडून वेगळ्या पाकिटात घालायचा. पाकीट कागदाचं, तोंडाला पंचांच्या सह्यांचं लेबल आणि त्यावर सील.

आणि घटनास्थळी वाळवायला जागा नसेल, बाहेर असाच पाऊस असेल, तर? तर प्लास्टिकमध्ये न्या, पण तो फक्त प्रवास. दोन तासांच्या आत बाहेर काढून टांगायचंच. पंचनाम्यात लिहायचं : ‘शर्ट ओला होता, अमुक वेळी वाळत घातला, अमुक वेळी काढला’. या दोन वेळा लिहायला एक ओळ लागते. हे हवेत सुटलेलं आर्जव नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तज्ज्ञ येतील, कॅमेरा येईल. पण कपडा टांगायला खोली आणि पंखा कोण देणार, हा प्रश्न प्रत्येक ठाण्यात वेगळा विचारावा लागेल. ठाणं म्हणजे पोलीस ठाणं, आपलं शहर नव्हे.

भिंतीवरचा किंवा फरशीवरचा डाग उचलायचा तर निर्जंतुक कापसाच्या बोळ्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचे एक-दोन थेंब, जास्त नाही. बोळा गच्च भिजवला की डाग पसरतो आणि वाळायला तासन्‌तास लागतात. ओल्या बोळ्यापाठोपाठ त्याच जागी कोरडा बोळा फिरवायचा, तो उरलेलं शोषून घेतो. आणि शेजारच्या स्वच्छ जागेचा एक बोळा वेगळा घ्यायचा, कारण त्या भिंतीचा चुना, रंग, साबण चाचणीत काय गोंधळ घालतो ते त्याच्यावरून कळतं. हा शेजारचा बोळा सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. तुलनेसाठी माणसाचं रक्त घ्यायचं ते जांभळ्या बुचाच्या नळीत, जिच्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, दोन-तीन मिलिलिटर, आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करून. हिरव्या बुचाच्या नळीत हेपॅरिन असतं आणि ते चाचणीसाठी डीएनएच्या प्रती वाढवायच्या प्रक्रियेतच अडथळा आणतं. अडथळा रक्ताला लाल रंग देणारं हीमही आणतं आणि जीन्सची निळीही. म्हणून जीन्सवरचा डाग दिसायला ठळक असला तरी प्रयोगशाळेत जास्त घाम काढतो.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातला कुणीही उद्या पंच म्हणून उभा राहू शकतो. सही करायच्या आधी तीन गोष्टी बघा : पाकीट कागदाचं आहे का, वस्तू वाळली होती का, आणि लेबलवर तारीख-वेळ आहे का. आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जिन्यात काही घडलं की पहिली सूचना सफाई करणाऱ्याला जाते : मुलं शाळेतून यायच्या आत पुसून घे. भावना समजते. पण ब्लीचने पुसलेल्या फरशीवर ल्युमिनॉल, म्हणजे पुसलेलं रक्त अंधारात चमकवणारा फवारा, मारलं की रक्तासारखाच निळा उजेड ब्लीचही देतं. जिन्याला दोरी बांधा, मुलांना लिफ्टने न्या, पोलिसांना फोन करा.

जिन्याचा विषय निघालाच आहे, तर कोपऱ्यातल्या त्या लाल रंगाबद्दलही बोलू. पानाची पिचकारी, ग्रिलचा गंज, हळद-चुन्याचं कुंकू, हे सगळं डोळ्याला रक्त वाटू शकतं. उलट खरं रक्त फार काळ तांबडं राहत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिडाइज होतं आणि डाग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी होतो. म्हणून पंचनाम्यात ‘रक्त’ लिहायचं नाही, ‘रक्तसदृश तपकिरी डाग’ लिहायचं. रक्त की नाही, ते चाचणी ठरवते. सगळ्यात सोपी कास्टल-मायर. गाळणकागदाचं टोक डागावर हलकं घासायचं, त्यावर एक थेंब अल्कोहोल, मग एक थेंब फिनॉल्फ्थॅलिन – क्षपण करून रंगहीन केलेलं – आणि थांबायचं. इथे थांबणं महत्त्वाचं. आत्ताच गुलाबी झालं तर तो गंज, तांबं किंवा दुसरं काही ऑक्सिडाइज करणारं आहे, रक्त नव्हे. रंग आला नाही तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब. दहा-पंधरा सेकंदांत गुलाबी झालं तर रक्त असण्याची शक्यता. मिनिटभराने गुलाबी झालं तर ती हवेची करामत. आणि हो, मुळ्याच्या, बटाट्याच्या रसातलं पेरॉक्सिडेजही गुलाबी रंग देऊ शकतं. म्हणून ही चाचणी ‘असावं’ एवढंच म्हणते, ‘आहे’ म्हणत नाही.

पुढचा प्रश्न : माणसाचं की प्राण्याचं? रविवारी मटणाच्या पिशवीतून जिन्यात ठिबकलेले थेंब कुणी पाहिले नाहीत? इथे एक जुनी हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०१ साल, जर्मनीतलं र्‍यूगेन बेट. दोन लहान भावांचा निर्घृण खून झाला. संशय एका सुतारावर, लुडविग टेसनोववर. त्याच्या कपड्यांवर डाग. तो म्हणाला, हा लाकडाला लावायचा रंग. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात दोन मुलींचा खून झाला तेव्हाही त्याने हेच उत्तर दिलं होतं आणि सुटला होता, कारण तो खोटं बोलतोय हे सिद्ध करायला कुणाकडे काही नव्हतं. पण १९०१ सालीच पाउल ऊलेनहूट नावाच्या तरुण डॉक्टरने एक पद्धत काढली होती. सशाला माणसाच्या रक्तातली प्रथिनं टोचायची, काही दिवसांनी सशाच्या रक्तातला सीरम काढायचा. तो सीरम मानवी रक्ताच्या द्रावणाला भेटला की सीमारेषेवर पांढुरकं कडं धरतो; बैलाच्या, मेंढीच्या रक्ताला धरत नाही. टेसनोवचे कपडे त्याच्याकडे आले. एकेक डाग मिठाच्या पाण्यात विरघळवून तपासला. काही डाग मेंढीचे निघाले – त्या बेटावर काही आठवड्यांपूर्वी कुणीतरी मेंढ्या कापून टाकल्या होत्या – आणि बरेच निघाले माणसाचे. टेसनोव दोषी ठरला. हे सगळं शक्य झालं, कारण डाग कापडावर वाळलेले होते. ओल्या गाठोड्यात कुजले असते तर तो दुसऱ्यांदा सुटला असता.

आज हेच काम गरोदरपणाच्या चाचणीसारखी दिसणारी पट्टी पाच-दहा मिनिटांत करते. पण तिचा एक स्वभाव माहीत हवा : रक्त फार दाट घातलं तर रेघच उमटत नाही. ज्याला ठाऊक नाही तो ‘मानवी नाही’ असं लिहून मोकळा होईल. नमुना पातळ करून परत लावायचा असतो.

आणि रक्तगट. मुंबईच्या शेजारी बसून हे सांगायला हवंच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच गट शोधला, तो जगभर ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जातो. या माणसांच्या लाल पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटाच्या पेशींवर भरपूर असणारा एच हा पायाही नाही. नेहमीच्या चाचणीत ते ओ भासतात. आता वाळलेल्या डागातून गट काढायची जुनी पद्धत घ्या. डागाचा धागा प्रतिसीरमात, म्हणजे त्या-त्या गटाला चिकटणारी प्रतिद्रव्यं असलेल्या सीरममध्ये, भिजवायचा, धुवायचा, ५५ अंशांच्या आसपास गरम करायचा, सुटलेली प्रतिद्रव्यं ताज्या पेशींच्या गुठळ्या करतात का ते बघायचं. ओ गटाला एचची प्रतिक्रिया मिळते. बॉम्बे गटाला एकही मिळत नाही. आणि कुजलेल्या डागालाही एकही मिळत नाही! ‘काहीच लागलं नाही’ या एका उत्तराचे दोन अर्थ : एक अतिशय दुर्मीळ माणूस, किंवा एक अतिशय सामान्य निष्काळजीपणा. त्यात काही जिवाणूंच्या अंगावरच रक्तगटासारखे अँटिजेन, म्हणजे ए-बीसारख्या खुणा, असतात, म्हणजे कुजलेला डाग नसलेला गटही दाखवू शकतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटं. आकारांचा विषय आता घाईत घ्यावा लागेल, पण गाभा सांगते.

मामलेदार मिसळीची तर्री शर्टावर सांडली की सरळ खाली पडलेला थेंब गोल, आणि चमचा झटकल्यावर उडालेला लांबट. रक्ताचंही तसंच. थेंब हवेत गोळाच असतो, चित्रातल्या अश्रूसारखा नाही, कारण पृष्ठताण त्याला बांधून ठेवतो. पृष्ठभागावर तिरका आला की लंबगोल होतो, आणि शेपटी ज्या बाजूला, त्या बाजूला तो जात होता. लंबगोलाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आघाताच्या कोनाची साइन. रुंदी ६ मिलिमीटर, लांबी १२, भागाकार ०.५, कोन ३० अंश. लांबी मोजताना शेपटी धरायची नाही. तिथेच नवशिके चुकतात. गोलाकडे झुकणाऱ्या डागांत चूक फार वाढते : भागाकार ०.९५ आला तर ७२ अंश, ०.९८ आला तर ७८.५. केसभर मापाने साडेसहा अंश सरकले.

अनेक डागांच्या लांब अक्षांतून मागे रेषा ओढल्या की त्या एका भागात जमतात. तो भाग डागापासून ४० सेंटिमीटर आणि कोन ३० अंश असेल, तर ४० गुणिले ०.५८ (३० अंशांचा टॅन), साधारण २३ सेंटिमीटर उंची. पण रेषा सरळ धरली आहे आणि थेंब गुरुत्वाकर्षणाने वाकून येतो, म्हणून ही उंची खऱ्याहून जास्त येते. खडबडीत फरशीवर थेंबाच्या कडा फाटतात, कापडात तो धाग्यांनी पसरतो, तिथे कोनाचं गणित चालत नाही.

बाकीचे प्रकार एका दमात. हत्यार मागे उचलताना त्यावरून सुटलेल्या थेंबांची रांग छतावर किंवा भिंतीवर. धमनी कापली तर नाडीच्या लयीतले चढ-उतार. नाका-तोंडातून उडालेल्या रक्तात हवेचे बुडबुडे. शिंतोड्यांच्या मधोमध रिकामी जागा म्हणजे तिथे काहीतरी होतं, नंतर हललं. पुसलेल्या थेंबाची नुसती कडा उरली, तर पुसण्याआधी कडा वाळायला वेळ मिळाला होता. रक्त गोठून भोवती पिवळसर पाणी सुटलं असेल, तर ते तसंच बराच वेळ पडून होतं. आणि माशा! रक्त खाऊन माशी ओकते आणि विष्ठा टाकते; ते बारीक शेपटीदार ठिपके खोलीभर पसरलेले असतात आणि अनेकदा वाराचे शिंतोडे समजले जातात. त्यांच्या शेपट्या कुठल्याही दिशेला जातात, रेषा एका जागी जमत नाहीत.

आणि या शास्त्राची मर्यादा. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने स्पष्ट लिहिलं की डागांच्या आकारावरून काढलेल्या निष्कर्षांत अनिश्चितता प्रचंड आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ तज्ज्ञांना ज्यांचं कारण आधीच माहीत होतं असे डाग दाखवले, तेव्हा सुमारे ११ टक्के उत्तरं चुकली. म्हणून फोटो हवा डागाला काटकोनात, शेजारी पट्टी ठेवून, आधी लांबून मग जवळून, म्हणजे दुसरा कुणी तेच डाग पुन्हा मोजू शकेल.

दाराजवळच्या टेबलावर पाच कार्डं ठेवली आहेत. कॉर्नफ्लोअर, ग्लिसरीन आणि खायच्या रंगाचे थेंब व्याख्यानाआधी वेगवेगळ्या कोनांतून पाडलेत. पट्टी आणि कॅल्क्युलेटर शेजारी आहे. रुंदी, लांबी, भागाकार, कोन, आणि उत्तर कार्डाच्या मागे. चौथ्या कार्डावरचा थेंब अजून मध्ये ओला आहे. कडेला बोट लावून बघा, वाळली आहे. छत्री घेताना ती कार्डांवर झटकू नका.